चांदणी नऊ नऊ जाळं

माझ्या आईची बोटं मशिनला दिसत नाहीत. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आई ठाण्यातल्या बाळकुमला मासळी विकते. लग्न होऊन कोळीवाड्यात आली तेव्हापासून विकते, आता सत्तरी जवळ आली. बर्फ, मीठ, खवले आणि कोयता यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच घासून नेल्या. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागत नाही. आधार केंद्रात लागत नाही. प्रत्येक ठिकाणी खुर्चीतलं माणूस म्हणतं, "मावशी, बोट नीट पुसा." ती पदराला पुसते, मग त्यांनी दिलेल्या कागदाला पुसते, दहाही बोटं एकेक करून त्या लाल उजेडावर ठेवते आणि मशिन दहा वेळा नाही म्हणतं. मग ते माणूस तिच्याकडे असं बघतं, जणू ती बोटं घरीच विसरून आली आहे. त्या बोटांनी आम्हा दोघा भावंडांची फी भरली. मला त्या वेळी काउंटरवरचं मशिन उचलून आपटावंसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी तिला टचचा फोन घेऊन दिला होता. मी डोंबिवलीला राहते, वागळे इस्टेटमधल्या एका खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते, आणि आपल्या आईकडे चांगला फोन असावा असं मलाही वाटायचं. आईचे हात सकाळपासून ओले. ती हात पुसून पडद्याला बोट लावायची तर काहीच व्हायचं नाही, आणि काही नको असताना एक थेंब पडला की फोन भलत्याच कुणाला लागायचा. आठव्या दिवशी तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

"यो फोन माजा बोट वलखत नाय, बाय," ती म्हणाली. "बटनवाला वलखतो."

बटणवाला म्हणजे तिचा जुना फोन. तो तिच्या गळ्यात दोरीने लटकत असतो. बटणांवरचे आकडे झिजून गेलेत, पण तिला आकडे बघावे लागत नाहीत. ओल्या बोटाने दाबलं तरी दाबलं जातं, आणि दाबलं गेलं हे बोटाला कळतं.

पूर्वी याने काही अडत नव्हतं. गिऱ्हाईक नोट द्यायचं, नोट तिच्या कमरेच्या पिशवीत जायची, आणि पहाटे तीच पिशवी घेऊन ती ठाण्याच्या बाजारात घाऊक मासळी घ्यायला जायची. पैसा संध्याकाळी आला, पहाटे गेला, मधल्या वेळात तिच्या कमरेला होता. मग आमच्या गावाच्या डोक्यावर टॉवर उभे राहिले. तिथली माणसं चांगली आहेत, मासळीही भरपूर घेतात, पण त्यांच्याकडे रोख नसते. पापलेटचा वाटा लावून झाला, साफ करून झाला, पिशवीत भरून झाला की विचारणार, "मावशी, स्कॅनर कुठाय?" नाही म्हटलं की "अरेच्चा" म्हणून पिशवी फळीवर ठेवून निघून जाणार. कापलेली मासळी परत जोडता येत नाही हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

तेव्हा माझ्या भावाने आईच्या फळीवर एक स्टिकर आणून चिकटवला. माझा भाऊ धाकटा, कल्याणला राहतो, कंपनीत नोकरी करतो आणि वाईट माणूस मुळीच नाही. आईच्या खात्याचा स्टिकर काढायचा तर बँकेत जावं लागलं असतं, त्याच्या खात्याचा पाच मिनिटांत मिळाला. म्हणून त्याचा लावला.

"आये, माझे काय नि तुझे काय," तो म्हणाला, "एकच ना?"

ज्याच्या खात्यात पैसे जमा होतात तो हे वाक्य नेहमीच फार सहज बोलतो, असं माझं निरीक्षण आहे.

गिऱ्हाईक स्टिकर स्कॅन करायचं, हिरवी खूण आईला दाखवायचं, आई मान हलवायची. पैसे कल्याणला. दर रविवारी भाऊ यायचा तेव्हा आठवड्याचे पैसे रोख आणून द्यायचा, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण मध्येच लागले तर तिने फोन करून मागायचे. तोही नाही म्हणायचा नाही. फक्त विचारायचा, "कशाला?"

मला त्या शब्दाचा संताप येतो. त्याने तो वाईट हेतूने विचारला असेल असं नाही. पण आयुष्यभर जिच्या कमरेला तिचे पैसे होते, तिला आता बर्फ घ्यायचाय, शेजारणीच्या नातीच्या बारशाला चोळखण घ्यायचाय, नाहीतर उगीच एक कलिंगड खावंसं वाटतंय, हे कल्याणला कळवून मंजूर करून घ्यावं लागत होतं. आणि ती कळवत होती. तिच्या तोंडून तक्रारीचा शब्द आला नाही, म्हणून दोन वर्षं मला काही कळलंही नाही.

कळलं ते एका शुक्रवारी. दुपारच्या सुट्टीत मी रिक्षा करून बाळकुमला गेले, म्हटलं संध्याकाळसाठी बोंबील घेऊन जावेत. आई आपल्या जागेवर बसली होती. फळी धुतलेली, कोरडी. पाटी उलटी ठेवलेली. कोयता बाजूला. मासळीचा एक तुकडा नाही, आणि ती मात्र रोजच्यासारखी पदर खोचून बसलेली.

"सगळं खपलं?" मी विचारलं.

"आनलाच नाय," ती म्हणाली. "पैका पोराकडं हाय. पहाटं फोन लावला, त्यानी उचलला नाय. झोपला असंल."

"मग इथे कशाला बसलीस?"

"नाय बसलं तर जागा दुसरी घेल."

टॉवरमधली एक बाई आली, रिकामी फळी बघून, "आज नाही वाटतं?" म्हणाली, आणि आई हसून "उद्या या," म्हणाली. मला ते हसू सहन झालं नाही. मी तिथेच रस्त्यावर उभं राहून भावाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा ऑफिसात होता. "ताई, हळू बोल," एवढंच म्हणत राहिला. मग म्हणाला, "पण तिला रोजच्या रोज एवढे लागतात कशाला?"

"मासळी विकायला, गाढवा," मी म्हटलं. "आपली आई मासळी विकते. विसरलास का?"

ठरलं ते असं की पैसे आईच्या खात्यात जाणार आणि तिथून तीच काढणार. पण काढणार कशी? बँक लांब, तिथे अंगठा लागत नाही. एटीएमचं कार्ड भावाकडे, सांभाळायला. टचचा फोन तांदळात. घाऊक व्यापारीही आता फोनवर पैसे मागायला लागला होता. मी रोज जेवणाच्या सुट्टीत या एकाच गोष्टीवर बोलायचे, आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं, "त्यांना स्मार्टफोन शिकवा हो." जणू शिकायचं आईला बाकी होतं. भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेल्या बाईला शिकवा म्हणे.

उत्तर मिळालं ते आमच्या गेटवरच्या वॉचमनकडून. तो आपल्या साध्या फोनवरून दर महिन्याला गावी बायकोला पैसे पाठवायचा, आणि मी रोज त्याच्यासमोरून सही करून आत जायचे. त्याने मला दाखवलं. चांदणी, नऊ, नऊ आणि ती चौकटीची खूण दाबून कॉल लावायचा. पडद्यावर यादी येते. एक दाबलं की पैसे पाठवता येतात, तीन दाबलं की शिल्लक कळते. इंटरनेट लागत नाही, टच लागत नाही, अंगठा लागत नाही. फक्त खात्याला जोडलेला नंबर त्या फोनमध्ये हवा आणि चार आकडी पिन हवा. ही सोय आहे, बरीच वर्षं आहे. मी पदवीधर बाई, मला ठाऊक नव्हती. बँकेच्या भिंतीवर मोठाल्या फोनकडे बघून हसणाऱ्या मुलींची चित्रं असतात, त्यात गळ्यात दोरी घातलेला बटणाचा फोन कधी दिसला नाही. ज्यांना ही गोष्ट सगळ्यात जास्त हवी, त्यांच्यापासूनच ती लपवून ठेवल्यासारखी ठेवली आहे.

त्याच संध्याकाळी मी बाळकुमला गेले. आईला चांदणी लगेच कळली. दुसऱ्या खुणेकडे बघून ती म्हणाली, "यं तं जालं हाय." खरंच, उभे दोन दोरे, आडवे दोन दोरे. तेव्हापासून आमच्या घरात त्या नंबरचं नाव चांदणी नऊ नऊ जाळं असंच आहे.

मी लावला. इंग्रजीत एक ओळ आली: हा नंबर कुठल्याही खात्याला जोडलेला नाही. मराठीसाठी वेगळे आकडे आहेत असं वॉचमन म्हणाला होता, तेही लावून बघितले, तर आईच्या फोनवर अक्षरांऐवजी ओळीने चौकोन उमटले. आईचा नंबर खात्याला नाही, मग कुणाचा आहे? माझं डोकं फिरलं. बँकेने भलताच कुणाचा तरी नंबर लावून ठेवला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आईला घेऊन बँकेत गेले. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती. काउंटरवर माझ्याच वयाची एक अधिकारी बाई होती. तिने आईकडे पाहिलं, मग फोनकडे, मग माझ्याकडे, आणि पुढचं सगळं ती माझ्याशीच बोलली.

"मॅडम, यांना तुम्ही अ‍ॅप डाउनलोड करून द्या ना. सोप्पं पडेल."

"खातं त्यांचं आहे," मी म्हटलं. "त्यांच्याशी बोला."

"हो, पण यांना कळणार नाही ना."

"तुम्ही सांगितलंच नाहीत तर कसं कळेल?"

आई माझा दंड दाबत होती, पण मी आता थांबणार नव्हते. मी म्हटलं की साधा फोन वापरणारं माणूस म्हणजे अर्धं माणूस नसतं. मी म्हटलं की आमच्या पैशावर तुमच्या खुर्च्या आहेत. आणि मग मुख्य गोष्टीवर आले. "माझ्या आईच्या खात्याला तुम्ही परक्या कुणाचा तरी नंबर लावलात. इतकी वर्षं हिच्या पैशाचे मेसेज दुसऱ्याच कुणाला जातायत. हिला एकदा तरी विचारलंत?" मागची रांग गप्प होऊन ऐकत होती. कुणीतरी "बरोबर आहे" असंही म्हणालं, त्यामुळे मला आणखी चेव आला.

बाईने काही बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

नंबर माझा होता.

खाली खातं उघडतानाचा फॉर्म होता. अकरा वर्षांपूर्वीचा. अक्षर माझं. गॅसची सबसिडी जमा व्हायला खातं लागतं म्हणून मी तो ऑफिसात बसून भरला होता, त्या वेळी आईकडे फोन नव्हता, म्हणून माझा नंबर लिहिला होता. पुढे तिला फोन आला, पण नंबर बदलायचं माझ्या मनातही आलं नाही. अकरा वर्षं तिच्या खात्याचे मेसेज मला येत होते. माझंही खातं त्याच बँकेत, त्यामुळे मी ते न वाचता पुसत होते.

मी एवढी ओरडले होते की आता आवाज खाली आणायला जागाच नव्हती. "बरं, मग बदलून द्या," असं काहीतरी मी पुटपुटले.

"त्यासाठी सही मॅच व्हायला लागेल," बाई म्हणाली. "रेकॉर्डला अंगठा आहे."

मशिन आलं. आईने पदराला बोट पुसलं. दहा बोटं, दहा वेळा नाही. बाईने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि या वेळी मला तिच्यावर ओरडता येईना, कारण फॉर्मवरच्या त्या सहीच्या चौकोनाकडे माझं लक्ष गेलं होतं. तिथे निळा धब्बा होता. तो मी घेतला होता. ऑफिसातलं शाईचं पॅड पर्समध्ये घालून नेलं होतं. आईला सही येत होती. शाळेच्या व्हरांड्यात बायकांचा वर्ग चालायचा, तिथे ती दोन वर्षं जाऊन शिकली होती. पण सही करायला तिला वेळ लागायचा, प्रत्येक अक्षराला थांबायची, आणि मला ऑफिसात परतायचं होतं. "मना सही येते," ती म्हणाली होती. "राहू दे गं, अंगठा बरा," असं म्हणून मी तिचा अंगठा धरून पॅडवर दाबला होता. मी हे विसरले होते. ती विसरली नव्हती.

कारण तेवढ्यात ती काउंटरवर दोन्ही कोपर टेकून त्या बाईला म्हणाली, "मना सही येते."

बाईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग मावशी, तसा अर्ज करू या," ती म्हणाली. नमुना सही बदलायचा कागद निघाला, नंबर बदलायचा दुसरा निघाला. आत साहेबांच्या समोर तीनदा सही करायची होती. आईने पेन घेतलं आणि प्रत्येक अक्षराला थांबत थांबत, वरची रेघ शेवटी एका दमात ओढत, तीन वेळा सही केली. बराच वेळ लागला. बाहेर रांगेत कुणीतरी चुकचुकलं. आईने घाई केली नाही.

येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "आये, चुकलं माझं."

"झाला ना आता," ती म्हणाली, आणि केसांतली अबोली नीट केली. एवढ्यावर तिने मला सोडून द्यावं हे मला तिच्या रागावण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी भाऊ कार्ड घेऊन आला. पिन पहिल्यांदा ठेवायला कार्डावरचे आकडे लागतात. त्याचं तोंड उतरलेलं होतं. "आये, माझ्यावर भरवसा नाय का तुजा?"

"भरवसा हाय रे," आई म्हणाली. "पन मना इचारायला लागतं."

त्यानेच मग जुना स्टिकर नखाने खरवडून काढला आणि बँकेतून आणलेला आईच्या खात्याचा नवा चिकटवला. आकडे मी टाकले. पिन म्हणून वडिलांच्या होडीचा नंबर ठेवला. होडी विकून जमाना झाला, पण तो नंबर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. आईला विचारलं का, तर नाही, सांगितलं. तिने मान डोलावली.

शिकायला तिला चार दिवस लागले. अडचण तिची नव्हती, यादीची होती. उत्तर द्यायला मोजके सेकंद मिळतात, तेवढ्यात बटण दाबलं नाही की सगळं पुसून जातं आणि पुन्हा चांदणीपासून सुरुवात. हे बनवणाऱ्याने आपल्या आईच्या हातात फोन देऊन कधी बघितलं नसावं. आईने यादी वाचायचा नादच सोडला. तिने क्रम पाठ केला. एक, परत एक, समोरच्याचा नंबर, रक्कम, परत एक, पिन. मासे कापताना ती ते पुटपुटायची. व्यापाऱ्याचा नंबर तिला आधीपासून पाठ होता, तिला अख्ख्या बाजाराचे नंबर पाठ आहेत.

पहिला रुपया तिने मला पाठवला. माझा फोन वाजला. "आला?" तिने विचारलं. मी "आला" म्हटल्यावर ती इतकी मनापासून हसली की शेजारणी कोयते थांबवून बघायला लागल्या. पुढच्या आठवड्यात तिने पहाटे बाजारात व्यापाऱ्याला पैसे दिले. तो गळ्यातला फोन बघून "म्हातारे, ह्याच्यावर?" म्हणाला, आणि मग त्याच्या खिशात टिंग वाजलं. हे तिने मला तीनदा सांगितलं. आता शेजारच्या दोघी तिच्याकडून चांदणी नऊ नऊ जाळं शिकतायत.

इथे मी थांबले असते तर बरं दिसलं असतं.

महिनाभराने पुन्हा एका शुक्रवारी मी दुपारी तिच्याकडे गेले. धंदा आटपून ती घरी आली होती, मागच्या दारी पाटी धूत होती. फोन ओट्यावर पडला होता. मी तो उचलला. म्हटलं, बघावं किती साठलेत. तिला विचारावं हे मनात आलं नाही, ती पाच पावलांवर होती तरी नाही आलं. चांदणी, नऊ, नऊ, जाळं. तीन. होडीचा नंबर.

पिन चुकीचा आहे, असं आलं. माझ्या हातून चुकलं असेल म्हणून पुन्हा लावला, नीट बघून दाबला. पुन्हा चुकीचा.

"काय करतेस?"

आई दारात उभी होती, हातातून पाणी गळत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "चालतोय का बघत होते. आये, पिन लागत नाहीये."

"मी बदलला."

"तू? कसा बदललास?"

"सातवर हाय तं. टॉवरमधली एक मास्तरीन येते, तिनी यादी वाचून दावली. नंबर टाकाया मी लांब जाऊन बसली."

खरं सांगते, मला राग आला. इतकी धावपळ मी केली, रजा मी टाकली, बँकेत भांडले मी, आणि हिने मला न सांगता पिन बदलला. मी अगदी मोठ्या बहिणीच्या, ऑफिसातल्या बाईच्या आवाजात म्हटलं, "मग मला सांगून ठेवायचा ना. काय ठेवलायस?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"कशाला?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. भावाच्याही नसायचा. अगं, विसरलीस तर, आजारी पडलीस तर, अशी दोन-तीन कारणं माझ्या तोंडापर्यंत आली. सगळी खरी होती. पण रस्त्यात उभी राहून मी ज्या शब्दासाठी भावाला गाढव म्हटलं होतं तो शब्द आता माझ्यासमोर होता. मी फोन तिच्यापुढे धरला.

तिने तो ओल्या हातानेच घेतला. "बघायचा हाय ना तुला? थांब," म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून दाराशी गेली. बटणं वाजू लागली. मी तोंड फिरवून उभी राहिले, एटीएममध्ये आपण अनोळखी माणसाच्या मागे उभे राहतो तशी.

फोन टिंग वाजला. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग तो परत गळ्यात अडकवला.

"हायेत," ती म्हणाली. "पुरतील एवढे हायेत."

किती ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.